दोन पेडलांची गाडी

गाडी माझी होती. पैसे भरून झाले होते, कागद न् कागद माझ्या नावावर होता, आणि तरीही कित्येक महिने ती मला अंगणातल्या अंगणात दहा फूट पुढे आणि दहा फूट मागे, एवढीच नेता येत होती. पुढे विहिरीचा कठडा, मागे केळी. आठवड्यातून दोनदा इंजिन सुरू करायचं, नाहीतर बॅटरी उतरते. म्हणून मी आत बसायची, पुढे जायची, मागे यायची, बंद करायची. येणारेजाणारे कुंपणापाशी थांबून बघायचे. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही डोक्यात तिडीक जाते. लोक म्हणतात, जाऊ दे गं, झालं ते झालं. कसलं जाऊ दे?

नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. मी मोंबासाहून आमच्या गावी, गिरीजला परत आले होते. परदेशात, मोंबासाच्या बंदरावर नऊ वर्षं मी मालवाहू जहाजांच्या एका कचेरीत होते. काम सगळं कागदांचं. कुठल्या जहाजात काय माल, कुणाचा, कुठे उतरवायचा. एक कागद कमी पडला की माल बंदरात कुजत पडतो, त्यामुळे कागद कमी पडू न देणं हीच माझी भाकरी. इकडे आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबा वाडीत एकटेच. केळी, नारळ, थोडी भाजी, सत्तरी ओलांडली तरी पहाटे उठून पंप चालू करणारे. फोनवर म्हणायचे, “मी मजेत आहे.” मजेत म्हणजे काय ते मला शेजारणीकडून कळायचं. सकाळचा भात संध्याकाळी, आणि संध्याकाळचा उरला तर सकाळी. मी म्हटलं, बस झालं, आता परत जायचं.

पण परत यायचं म्हटलं की माझ्यापुढे एकच प्रश्न उभा राहायचा, आणि तो माझ्या पायाचा. माझा डावा पाय मी दोन वर्षांची असताना पोलिओत गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण कामाचा नाही. मांडीपासून खाली लोखंडी पट्ट्या आणि त्याला जोडलेला जड बूट. त्यामुळे शाळा काय, कॉलेज काय, टायपिंगचा क्लास काय, सगळीकडे मी बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गेले. बाकीच्या मुली हसत-खिदळत चालत यायच्या, मी आधीच पोचलेली असायची, बापाबरोबर. त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही. पण नेणारा कोणी असल्याशिवाय मी कुठेही जाऊ शकत नव्हते, ही गोष्ट मला रोज टोचायची, आणि बाबांनी आठी घातली नाही म्हणून जास्तच टोचायची.

मोंबासात मी गाडी शिकले. गाडी सेकंडहँड, जपानी, करड्या रंगाची. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडतात, खाली दोनच पेडल, एक ब्रेकचं आणि एक वेग द्यायचं, आणि दोन्ही उजव्या पायाने दाबायची. डाव्या पायाला काम नाही. म्हणजे माझ्यासारखीच्या मापाची. परवाना मिळाल्यावर पहिल्या रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर मी एकटी समुद्रावर गेले, एक शहाळं प्यायले आणि परत आले. काम काही नव्हतं. जाता आलं म्हणून गेले. येताना गाडी बाजूला लावून ढसाढसा रडले. एकोणतीस वर्षांची घोडी, रस्त्याच्या कडेला गाडीत बसून रडतेय!

तेव्हा आपल्याकडे बिनक्लचची गाडी म्हणजे बड्या लोकांची चैन होती. माझ्या ऐपतीत बसणारी तसली गाडी मिळणं कठीणच. म्हणून हीच घेऊन यायची, असं मी ठरवलं. तिकडेही स्टिअरिंग उजवीकडेच, तोही प्रश्न नव्हता. ती इथे चालली तर मी बाबांना सांभाळणार होते. बाजार, दवाखाना, चर्च, लग्नकार्य, सगळीकडे मी त्यांना नेणार. नाही चालली तर सत्तरीचे बाबा पुन्हा मला सांभाळणार. एवढं साधं होतं ते, आणि ते मी कुणालाही समजावून सांगितलं असतं, पण विचारलंच कुणी नाही. विचारले ते फक्त फॉर्म.

बंदरातून गाडी सोडवायला पाच आठवडे लागले. आयातकराचा आकडा ऐकून डोळे पांढरे झाले, पण तो ठाऊक होता, त्याची तयारी करूनच आले होते. बाकी कागदांत कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. तिकडची नोंदणी, ती रद्द केल्याचा दाखला, वर्षभर माझ्याच नावावर होती त्याचा पुरावा, विमा, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. दारात एजंट घुटमळत होते, “मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता?” म्हणत होते. मी एकालाही जवळ येऊ दिलं नाही. नऊ वर्षं मी हेच करत आलेय, तुम्ही मला काय शिकवणार? माज होता मला. हो, माजच.

गाडी गिरीजला आणली माझ्या चुलतभावाने. त्याचा केळीचा टेम्पो होता, हात बसलेला होता. मला अजून इथला परवाना नव्हता, म्हणून तात्पुरत्या नंबरावर तो चालवणार आणि मी शेजारी. मी त्याला दहादा बजावलं की डावा पाय उचलून सीटखाली घाल आणि विसरून जा. “हो हो, त्यात काय,” म्हणाला. पहिल्याच चौकात सवयीने त्याचा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर असा आदळला की माझं कपाळ काचेपाशी. मागून शिव्यांचा पाऊस. घोडबंदरपर्यंत हे चार वेळा झालं. शेवटी मी माझ्या ओढणीने त्याचा डावा पाय सीटच्या पट्टीला बांधला. तेव्हा कुठे आम्ही धड घरी पोचलो. उतरल्यावर तो बाबांना म्हणाला, “काका, ही गाडी माणसाला लंगडं करते.” मग जीभ चावली त्याने. मी हसले, खरंच हसले. तेव्हा हसू येत होतं अजून.

आता राहिली इथली नोंदणी. आमचं आरटीओ तेव्हा खाडीपलीकडे, गाडीने दोन तासांवर. तिथला अनुभव सांगायचा तर मला आधी पाणी प्यायला हवं.

पहिल्या खेपेला तपासणीच्या साहेबांनी दार उघडून खाली वाकून बघितलं. “क्लच काढून टाकलाय?”

“काढला नाही. नव्हताच.”

“नव्हताच म्हणजे? गाडी आहे ना?”

मी समजावलं. त्यांनी ऐकलं, आणि मग माझ्या बुटाकडे बघितलं. “चालवणार कोण?”

“मी.”

“मग असं बोला ना. अपंगांचं वाहन म्हणून नोंदवायला लागेल. त्याचे कागद वेगळे. गाडीत काय बदल केला, कुणी केला, त्याचा दाखला आणा.”

“साहेब, बदल काही केलेला नाही. कारखान्यातून अशीच येते. दोन्ही पाय धड असलेले लोकही चालवतात.”

“म्हणजे तुम्ही अपंग नाही?”

“मी आहे. गाडी नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बाई, आधी तुमचं काय ते नक्की ठरवा, मग या.”

हे नक्की ठरवायला तीन खेपा झाल्या. दर खेपेला चुलतभावाचा दिवस बुडायचा, त्याचा पाय बांधायचा, दोन तास जायचं, दोन तास यायचं. तिसऱ्या खेपेला मी गाडीबरोबर आलेली कारखान्याची पुस्तिका घेऊन गेले, चित्रांसकट. वरच्या साहेबांनी ती उलटीसुलटी केली आणि दोन मिनिटांत म्हणाले, “ही साधी गाडी आहे, साधीच नोंदवा. परवान्याचं बाईंचं त्या वेगळं बघतील.” दोन मिनिटं! मग आधीचे दोन दिवस कुणाच्या नावावर घालायचे? पण मी तोंड मिटून घेतलं. कारण त्यांनी पुढच्या सोमवारची तारीख दिली होती. शेवटची तपासणी, चेसिस नंबरचा छाप घ्यायचा, आणि झालं. चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा कायमचा आकडा. त्याच्यावर कागद धरून पेन्सिल घासायची की आकडे कागदावर उमटतात. तो कागद फाईलला लावतात. पाच मिनिटांचं काम.

शनिवारी मी विम्याच्या कामाला मुंबईला गेले होते. संध्याकाळी परत आले तो अंगणात डांबराचा वास.

बाबा आमच्या घरच्या बोलीत बोलायचे. ती जशीच्या तशी कागदावर उतरवणं मला जमत नाही, म्हणून इथे साधं लिहिते. ते पायरीवर बसले होते, कोपरापर्यंत काळे हात, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू मीच पहिल्या नंबराने पास झालेय. “बाय, काम करून टाकलं,” म्हणाले.

आमच्याकडची हवा खारी. लोखंडाला खाते. म्हणून पाऊस तोंडावर आला की बाबा वाडीतल्या यच्चयावत लोखंडाला पातळ केलेलं डांबर आणि गाडीचं जळकं काळं तेल असं एकत्र करून फासायचे. पंप, फाटक, बिजागऱ्या, कोयत्यांच्या मुठीवरच्या कड्या, सायकलचा सांगाडा. गिरीजमध्ये जुने लोक सगळेच असं करायचे. आमच्या फाटकाला चाळीस वर्षांत गंज नव्हता तो यामुळे. त्याच न्यायाने त्यांनी माझ्या गाडीला खालून फासलं. मग बॉनेट उघडून, आत जिथे जिथे लोखंड हाताला लागलं तिथे तिथे फासलं. चिंधी घेऊन, दिवसभर. पुढच्या एका दिव्याच्या काचेवरही फराटा होता.

“बाबा, अहो काचेला कशाला?” मी ओरडले.

“लागलं असेल. पुसतो,” म्हणाले, आणि फराट्याच्या चार बोटं बाजूला पुसायला लागले. मी चिंधी हिसकावून घेतली आणि स्वतः पुसली. बाकीचं राहू दिलं. खालून कोण बघतंय, असं वाटलं. कागदांवर नऊ वर्षं काढलेली मी, पण तो आकडा बॉनेटच्या आत मागच्या पत्र्यावर आहे आणि तो पत्राच काळा झालाय, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

सोमवारी साहेबांनी बॉनेट उघडलं आणि ते एक पाऊल मागे सरकले. “हे काय केलंय?”

“गंज लागू नये म्हणून,” चुलतभाऊ म्हणाला.

“नंबर कुठाय?”

मी पुस्तिकेतलं चित्र काढून दाखवलं, या इथे असतो. या इथे बोटभर जाड डांबर. “शेजारी पत्र्याची पाटी आहे, तिच्यावरही नंबर आहे,” मी म्हटलं.

“पाटी कोणीही बदलतं. ठोकलेला आकडा पाहिजे. साफ करून ठेवा, मी ती रांग संपवून येतो.”

चुलतभाऊ रॉकेल आणायला गेला. इथे मी थांबायला हवं होतं. दहा मिनिटं नुसतं थांबायचं होतं. पण ऊन डोक्यावर, चौथी खेप, साहेब रांग संपवत आलेले, आणि मी तर आधीच पेटलेली. मी टूलकिटमधला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खरवडायला लागले. डांबर हट्टी, मी त्याहून हट्टी. जोर लावला. डांबर निघालं आणि त्याच्याबरोबर रंग निघाला, आणि त्याच्याखाली पत्र्यावर आडवेतिडवे चरे पडले. रॉकेल आलं तोवर व्हायचं ते झालं होतं. शेवटून तिसरा आकडा आता तीन होता का आठ, हे मला स्वतःलाही सांगता येईना.

साहेबांनी छाप घेतला. कागद उजेडात धरला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी बुटाकडे नाही, सरळ तोंडाकडे. “आधी डांबर फासलं, मग आकडा खरवडला. बाहेरून आलेली गाडी. बाई, मी हे पास करू शकत नाही. हे पोलिसांकडे जाणार.”

“अहो, माझ्या वडिलांनी—”

“वडिलांचा जबाब तिकडे द्या.”

खरं सांगायचं तर त्यांचं काय चुकलं? चोरीच्या गाडीचा नंबर लोक असाच घालवतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही पास केली नसती. हेच तर सहन होत नव्हतं. भांडायलाही माणूस उरला नाही.

मग भांडायला बाबा सापडले. त्या संध्याकाळी मी त्यांना काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. एवढंच लिहिते की मी म्हटलं, “तुम्हाला विचारलं होतं का कुणी? मी माझी माझी कुठे जाऊ लागले की तुम्हाला बघवत नाही. जन्मभर मला मागे बसवलंत, आता तरी सोडा!” शेजारणीने ऐकलं असणार, तिच्या घरातला रेडिओ बंद झाला. बाबा भाजी निवडत होते. त्यांचे हात थांबले. “पाऊस येणार होता, बाय,” एवढंच म्हणाले. “लोखंड आहे ते.” आणि पुन्हा निवडायला लागले. ताटात मग किडकी पानंच जास्त राहिली होती. ती बघून मी अजून चिडले.

पाऊस आला, गेला नाही, आणि आमची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. मला कामणला एका गोदामाच्या कचेरीत कागदपत्रांचंच काम मिळालं होतं. तिथे मी तीन रिक्षा बदलून जायची. प्रत्येक रिक्षात चढताना तो बूट आधी आत टाकायचा, मग स्वतःला ओढून घ्यायचं, आणि रिक्षावाला आरशातून बघत बसणार. घरी गाडी उभी, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर पाणी साचलेलं. गावात कुणी भेटलं की पहिला प्रश्न, “काय, गाडी सुटली का?” जशी काय गाडी तुरुंगात होती. तुरुंगातली माणसंसुद्धा जामिनावर सुटतात.

जुलैत कधीतरी पोलिसांनी बाबांना जबाबाला बोलावलं. हवालदार चांगला माणूस होता. बाबांना खुर्ची दिली, चहा दिला. बाबांनी सगळं नीट सांगितलं. डांबर किती, तेल किती, कुठून आणलं, फाटकाला कधीपासून लावतात. हवालदाराला हसू आवरेना, पण त्याने सगळं लिहून घेतलं. मग कागद बाबांपुढे सरकवला. “आजोबा, वाचून बघा, मग सही करा.”

“तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.”

“तसं नाही चालत. वाचायला येतं ना?”

वाचायला येतं म्हणजे काय! माझे बाबा सातवी पास, पेपरातली एक ओळ न सोडणारे, चर्चमध्ये कितीदा वाचन केलेले. “वाचा हो बाबा, उशीर होतोय,” मी म्हटलं. त्यांनी कागद उचलला. डोळ्यांसमोर धरला. मग डावीकडे नेला. मग मान वाकडी करून तिरक्या नजरेने बघितलं, जवळ आणला, लांब धरला. ओठ हलवले, पण शब्द येईना. मग कागद हळूच टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाय, तूच वाच.”

मी वाचला. काचेवरचा तो फराटा, आणि चार बोटं बाजूला पुसणारी चिंधी, आणि ताटातली किडकी पानं, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. बाबांना आकडा दिसलाच नव्हता. आकडाच काय, पत्राही धड दिसला नव्हता. दिवसभर त्यांनी हाताने चाचपून चाचपून ती गाडी माखली होती. आणि मी त्यांना म्हटलं होतं की तुम्हाला बघवत नाही.

बाहेर येऊन विचारलं, “कधीपासून?” म्हणाले, उजव्याने दिसेनासं होऊन वर्षभर झालं असेल, डाव्याने चालतंय अजून. “सांगितलं का नाही?” तर म्हणे, तू तिकडे लांब होतीस. आणि आल्यावर? आल्यावर तुझं डोकं आधीच गाडीने फिरलेलं.

मी म्हटलं, “चला, आत्ताच्या आत्ता रिक्षा करते, पारनाक्याला डोळ्यांचे डॉक्टर आहेत.” ते म्हणाले, “एवढं वर्ष काढलं, आता काय घाई आहे? तुझी गाडी होऊ दे पास. तुझ्या गाडीत बसून जाऊ. तू चालवायची, मी पुढे बसणार.” मुलासारखे हसले असं म्हणताना.

आणि मी ऐकलं. सगळ्या जगाशी हुज्जत घालणारी मी, त्या दिवशी मी हुज्जत घातली नाही. कारण मलाही तेच हवं होतं. पहिल्यांदा मी बाबांना कुठेतरी नेणार, तर ते माझ्या गाडीतून, माझ्या हाताने. रिक्षात ते मला आत चढवणार, मग स्वतः चढणार, पैसे ते देणार, हे मला नको होतं. नाहीतरी हवालदार म्हणालाच होता, आठ-दहा दिवसांत होऊन जाईल, प्रयोगशाळेचा माणूस येईल, पत्र्याला औषध लावून बघेल, मूळ आकडा कळेल.

आठ-दहा दिवस! माणूस तीन आठवड्यांनी आला. आकडा आठ निघाला, माझ्या सगळ्या कागदांवर होता तसाच. मग त्याचा अहवाल टाईप व्हायला पंधरा दिवस. अहवाल पोलिसांकडून आरटीओला जायला आणखी बारा. मधे गणपतीच्या सुट्ट्या. मग साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी दार उघडून विचारलं, “क्लच काढून टाकलाय का?” तिथे मी अक्षरशः कपाळ बडवून घेतलं. दर आठवड्याला मी बाबांना म्हणायची, पुढच्या आठवड्यात नक्की. ते म्हणायचे, “होईल गं, कुठे पळून चाललाय डॉक्टर?” मी फोन करायची, अर्ज लिहायची, तक्रारी लिहायची, कामणहून अर्धा दिवस रजा काढून खाडीपलीकडे जायची. सगळा राग कामाला लावला मी. फक्त पारनाक्याला जायला वेळ मिळाला नाही.

मधेच माझ्या परवान्याची परीक्षा झाली. ती मात्र पहिल्याच फेरीत पास झाले, तात्पुरत्या नंबरावरच्या त्याच गाडीवर. त्या नंबरावर गाडी फक्त आरटीओपर्यंत न्यायची परवानगी होती, बाकी कुठेच नाही. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, “बरी चालवता की.” मला त्यांना मारावंसं वाटलं.

सप्टेंबर संपता संपता नंबर मिळाला. मी दुसऱ्या दिवशी रजा घेतली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आठ वाजल्यापासून तयार. पुढच्या सीटवर बसले, पट्टा मी लावून दिला. गिरीजच्या अरुंद रस्त्याने दोन्हीकडच्या कुंपणांतून गाडी काढली. वाटेत ते सांगत होते, हळू घे, इथे वळण आहे, हे अमक्याचं फाटक. ते सगळं आठवणीतून सांगत होते, हे मला कळत होतं. पण ते खूष होते, आणि काय लपवायचं, मीही होते. पारनाक्याला दवाखान्यासमोर गाडी लावली. मी उतरून वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि हात दिला. त्यांनी तो घेतला.

डॉक्टरांनी खूप वेळ तपासलं. एका डोळ्यात, दुसऱ्या डोळ्यात, पुन्हा पहिल्या डोळ्यात. मग बाबांना बाहेर बसायला सांगणार होते, पण बाबा उठेनात.

“मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता,” डॉक्टर म्हणाले. “हा काचबिंदू आहे. यात गेलेलं परत येत नाही. उजवा डोळा गेलेला आहे. डाव्यातलंही बरंचसं गेलंय, आणि ते अलीकडचं दिसतंय. थोडे महिने आधी थेंब सुरू केले असते तरी एवढं गेलं नसतं.” मग ते माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, साधंच विचारलं त्यांनी. “इतके दिवस आणलं का नाही यांना?”

बाबांनीच उत्तर दिलं, अगदी सहज.

“गाडी नव्हती ना.”

डॉक्टरांनी मान डोलावली आणि थेंबांची नावं लिहायला घेतली. त्यांच्या मागच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. माझी करडी गाडी नव्या नंबराची पाटी लावून उभी होती, आणि तिच्या पुढे-मागे, नाक्याच्या वळणापर्यंत, रिक्षांची रांग लागली होती. एकाही रिक्षात गिऱ्हाईक नव्हतं. जुलैत आम्हाला इथे यायला त्यातली कुठलीही चालली असती.